दुसऱ्या फेरीतली वजनं

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

रेनॉल्डचा मेसेज सकाळपासून सात-आठ वेळा वाचून झाला, म्हणून फोन आईच्या खोलीत ठेवला आणि ही वही उघडली. मेसेजमध्ये आहे काय, तर एवढंच : "मलाक्काच्या जवळ हाय. नेटवर्क जातंय. तुजे आकडे कुठवर आले?"

आकडे कुठवर आले ते मलाच कळत नाहीये. प्रबंध तीस नोव्हेंबरला द्यायचाय. तेव्हा दिला तर कॉलेजातली जागा मला मिळेल, असं वर्तक मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, दोनदा म्हणाल्यात. मासे वाळवून झाले, वजनं झाली, आता उरलंय ते विश्लेषण. ते 'आर' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

रेनॉल्डचं जहाज मार्चमध्ये निघालं. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे डिसेंबरमध्ये येईल. मी काही दिवस मोजत नाही. प्रबंधाचं वेळापत्रक भिंतीवर आहे, त्यात डिसेंबर दिसतोच.

९ सप्टेंबर

दिवसभर लॅपटॉपसमोर. संध्याकाळी आई म्हणाली, "कुणाशी भांडतेयस?" मी मोठ्यानं बोलत होते म्हणे.

झालं असं. माझा प्रश्न साधा आहे. भाईंदरजवळ उत्तनला बोंबील तीन तऱ्हांनी वाळवून बघितले : जमिनीवर जाळं अंथरून, बांबूच्या मांडवाला टांगून आणि मॅडमच्या प्रकल्पातल्या सौर पेटीत. तिन्हीत किती वजन घटतं आणि त्यात खरा फरक आहे की नुसता योगायोग, हे अनोव्हा ही चाचणी सांगते. एका पद्धतीच्या आतल्या आतही वजनं खालीवर होतातच. त्या आतल्या खालीवर होण्यापेक्षा पद्धतींमधला फरक पुरेसा मोठा असेल, तरच तो फरक मानायचा.

मी पद्धतींना १, २, ३ असे नंबर दिले होते. 'आर'ने ते खरेच आकडे मानले, जणू तिसरी पद्धत पहिलीच्या तिप्पट आहे. तीन गट असताना स्वातंत्र्याच्या मात्रा दोन यायला हव्यात, माझ्याकडे एकच येत होती. चार तास मी कॉम्प्युटरला दोष दिला. मग त्या रकान्याला 'फॅक्टर' करायची एक ओळ लिहिली आणि दोन आल्या. एवढा आनंद झाला की रेनॉल्डला मेसेज टाकला. एकच टिक आली. अजून एकच आहे.

१० सप्टेंबर

लिहिलं नाही तर डोक्यातून जाणार नाही. फेब्रुवारीत बाबा दवाखान्यात होते, त्या शेवटच्या आठवड्यात माणसं आली-गेली, पण मला आठवतो तो रेनॉल्डच्या हातातला लाल थर्मास. सकाळी सहाला यायचा. उत्तनहून पहिल्या बसने. म्हणायचा, "तू जा, पड थोडी, मी बसतो." मी बाहेरच्या बाकावर जी झोपायचे ती नऊला आई आल्यावरच उठायचे. सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवस. शनिवारी बाबा गेले.

आपल्याला एवढी मदत करणारा सहकारी मिळायला नशीब लागतं. तो मुळात आला कामापुरता. उत्तनला बोंबील वाळवणाऱ्या क्लारामावशीचा मुलगा, जहाजावर बोलावणं यायची वाट बघत घरी बसलेला. मॅडमनी मदतनीस म्हणून तीन महिने ठेवून घेतला. बाकी काही नाही.

१७ सप्टेंबर

निकाल आला. एकशे ऐंशी नोंदी. सहा घरं, तीन पद्धती, दोन फेऱ्या, दर वेळी दहा-दहा बोंबलांचे पाच गट. एफ हे गुणोत्तर चौदाच्या वर आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे नुसत्या योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता, अशी की दशांशचिन्हापुढे पाच शून्यं. सौर पेटी सर्वांत चांगली.

मॅडमना फोन केला. त्यांनी आकडे मला दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "पंचशीला, अकरा वर्षं या पेटीच्या मागे आहे मी."

आईने शिरा केला. बाबांच्या फोटोसमोर वाटी ठेवून म्हणाली, "पोरीचं झालं बघा." मला तिथे थांबवेना.

२६ सप्टेंबर

निकालाच्या आधी गृहीतकं तपासायची असतात, ती मी नंतर तपासतेय. त्यातलं एक : सगळ्या गटांतली आतली खालीवर साधारण सारखी हवी. आलेखात ठिपके बघितले. अर्धे ठिपके ढगासारखे पसरलेले आणि अर्धे दोऱ्यात ओवल्यासारखे एका ओळीत.

ओवलेले सगळे दुसऱ्या फेरीतले. पहिल्या फेरीत वजनं चार-चार टक्क्यांनी इकडेतिकडे होतात, दुसऱ्या फेरीत अर्ध्या टक्क्यानेसुद्धा फार नाही.

पहिल्या फेरीला, जानेवारीत, मी आणि रेनॉल्ड दोघं होतो. दुसरी फेब्रुवारीतली, मी दवाखान्यात, ती त्याने एकट्याने केली. हात बसला असणार त्याचा. मी बरोबर असताना आम्ही फार बोलायचो, त्यात माझ्याकडून चुका होत असतील.

३ ऑक्टोबर

रेनॉल्डचा व्हॉइस मेसेज. एकोणीस सेकंद. मागे इंजिनाचा आवाज इतका की शब्द नीट लागत नाहीत. "आई म्हणते तू आली न्हाय लई दिवसात. जा एकदा." अजून काहीतरी म्हणाला, ते इंजिनात गेलं. हेडफोन लावून ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं. नाहीच कळत.

५ ऑक्टोबर, रविवार

उत्तनला गेले. क्लारामावशी जाळं विणत ओट्यावर बसली होती. मला बघून उठली नाही, नुसती बाजूची जागा हाताने झाडली.

"बारीक झालीस," म्हणाली.

"काम चालू आहे मावशी."

"रेनॉल्डपन तेच बोलतो. काम चालू हाय. जेवतो काय ते न्हाय सांगत."

मी तिला सहज विचारलं, फेब्रुवारीत तो सकाळची वजनं एकटा कशी करायचा, सहा घरं सात ते नऊच्या आत व्हायलाच हवीत, नंतर बायका माल भरून बाजाराला निघतात. ती जाळ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "संध्याकाळी करायचा, ओला माल टांगताना. मी बघितलाय."

"ती सुरुवातीची. सुकल्यावरची सकाळी."

"सकाळी तो घरी असायचा कुठं? थर्मास घेऊन पाचच्या आधी भायेर. तुज्या बाबांकडं."

मी चहा प्यायले. बोटी, हवामान, शेजारच्या टिनाच्या बाळाचा बाप्तिस्मा, सगळं बोलले. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. भाईंदर येईपर्यंत मी काही विचार केला नाही, हे खरं लिहिते. करायचा नव्हता.

६ ऑक्टोबर

गेल्या महिन्यात याच वहीत मी लिहिलंय की तो सहा ते नऊ दवाखान्यात होता. पाच दिवस. माझ्याच अक्षरात. आणि सव्वीस तारखेला लिहिलंय की त्याचा हात बसला असणार.

रजिस्टर काढलं. आमचा वजनकाटा दोन-दोन ग्रॅमने पुढे सरकतो. विषम आकडा त्यावर दिसूच शकत नाही. पहिल्या फेरीच्या नव्वद नोंदींत एकही विषम आकडा नाही. दुसऱ्या फेरीतल्या सुकल्यानंतरच्या वजनांत २३१, २२७, २२९, २३३.

प्रत्येक पानाखाली माझी सही. मार्चमध्ये, बाबांना जाऊन तीन आठवडे झालेले, त्याने रजिस्टर पुढे ठेवलं आणि मी न बघता सह्या केल्या. तो म्हणाला होता, "एकदा बघून घे." मी म्हणाले होते, "तू लिहिलंयस ना."

७ ऑक्टोबर

दुसरी फेरी काढून पुन्हा चालवलं. नव्वद नोंदी. पी ०.२८. म्हणजे काहीच नाही. पेटी, मांडव, जाळं, तिन्ही सारखेच म्हणायचे.

त्याला मेसेज टाकला. तीन वेळा लिहून खोडला. शेवटी एवढाच : "दुसऱ्या फेरीची सकाळची वजनं तू घेतलीस का?"

एक टिक.

११ ऑक्टोबर

एक टिक.

१४ ऑक्टोबर

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"न्हाय घेतली. मी लिवली. तुला सांगायचं होतं, पन तुजे बाबा गेले आनि मग तू सह्या केल्यास आनि मला सांगता न्हाय आलं. माफी मागत न्हाय कारन ती मागन्यासारखी गोष्ट न्हाय. आकडे काढून टाक."

मला राग आला, आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं त्याचा जास्त राग आला. त्याने सात महिने मला 'आकडे कुठवर आले' असं विचारलं. त्याला माहीत होतं कुठवर येणार ते.

उत्तर दिलं नाही.

१७ ऑक्टोबर

वर्तक मॅडमना सगळं सांगितलं. त्यांच्या केबिनमध्ये, दार लावून. त्यांनी आधी रजिस्टर मागितलं, चष्मा बदलून पानं उलटली.

"सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग हे तुझं आहे. त्याचं नाही."

"हो मॅडम."

त्या खिडकीकडे बघत बोलल्या. "नुसती खालीवर कमी आहे, यावरून कुणी काही सिद्ध करत नाही. काट्याचं कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला, मला आणि त्याला."

"सोमवारी ये. तोवर विचार कर. मी आज काही ऐकलेलं नाही."

घरी येताना स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी होते. पुढचा माणूस फोनवर कुणाला तरी सांगत होता, "बस्स, आ रहा हूँ, पाँच मिनट." मला एकदम एवढं वाटलं की हे वाक्य मला कुणीतरी म्हणावं. कुणीतरी म्हणजे कोण, ते लिहीत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी, तरी मॅडम आल्या होत्या. मी म्हणाले, नव्वद नोंदी काढते, दुसरी फेरी पुन्हा करते. पावसानंतरचा बोंबील आता येईल, डिसेंबरमध्ये वाळवता येईल. प्रबंधाला मुदतवाढ मागते.

"जागा जाईल."

"माहीत आहे."

"आणि पेटी हरू शकते."

"हो."

त्यांनी मुदतवाढीचा अर्ज ड्रॉवरमधून काढला. आधीच छापून ठेवलेला होता. सही करताना म्हणाल्या, "तू हेच सांगशील असं वाटलं होतं. मला दुसरं काही ऐकायचं होतं का, ते मात्र मला नक्की सांगता येत नाही." मग दिव्यांची माळ खांबावर नीट लागत नव्हती ती लावायला मला मदत मागितली.

रजिस्टरच्या त्या पानांवर लाल रेघ मारली, कारण लिहिलं, खाली दोघींनी सह्या केल्या. फाडली नाहीत. फाडायची नसतात.

२ नोव्हेंबर

'आर'मध्ये पहिल्या फेरीच्या नोंदींत घराचं नाव घातलं. आजवर मी सहा घरं एकाच ढिगात टाकली होती. घर वेगळं केल्याबरोबर आतली खालीवर निम्मी झाली. म्हणजे तो पसारा चुकांचा नव्हता, घराघरांतला फरक होता. पी ०.०७ वर आला, फरक मानायला लागतो त्या ०.०५च्या जरा वरच. पद्धतीपेक्षा घरच जास्त बोलतंय. आणि सर्वांत वर एकच घर, तिन्ही पद्धतींत. घर नंबर एक, क्लारा.

हे पहिल्यांदा कुणाला सांगावंसं वाटलं, तर त्यालाच. फोन हातात घेतला आणि ठेवला. चौदा ऑक्टोबरपासून त्याचाही मेसेज नाही.

१९ नोव्हेंबर

काही नाही. आईचे गुडघे. पाणी कमी दाबाने येतंय. बाबा असते तर टाकीवर जाऊन विचारून आले असते. तीस वर्षं पालिकेत पाणी सोडणारे वॉल्व्हमन, रिटायर झाल्यावरसुद्धा नळ वाजला की घड्याळ बघायचे.

आज कॉलेजातल्या जागेवर दुसऱ्या मुलीची नेमणूक झाली. चांगली आहे ती. मला पेढा दिला.

८ डिसेंबर

उत्तनला राहायला आले, दुसऱ्या फेरीसाठी. क्लारामावशीने रेनॉल्डची खोली झाडून दिली. कॉटखाली त्याचे बूट, भिंतीवर क्रूस, खिळ्यावर निळा शर्ट. मी म्हटलं मी बाहेरच्या खोलीत झोपते. "तिथं मांजर झोपते," ती म्हणाली.

११ डिसेंबर

पहाटे पाचला उठून सहा घरं फिरले. वजन घ्यायचं, लिहायचं, तारीख, वेळ, शेजारी घरच्या बाईचा अंगठा किंवा सही. हे नवीन, माझं मीच ठरवलं. टिना हसली. "काय गं, जमिनीचा व्यवहार करतेस काय बोंबलाचा?"

मावशीचं वाळवणं मी आज पहिल्यांदा पूर्ण दिवस बघितलं. बाकीच्या घरी एकदा टांगलं की संध्याकाळीच बघतात. ही दुपारी दोनदा येते, वारा बघते, मागचे पुढे घेते, पेटीचं झाकणसुद्धा मधेच किलकिलं करते. विचारलं तर म्हणते, "गुदमरते आत." हे माझ्या कुठल्याच रकान्यात नाही.

संध्याकाळी ओट्यावर तिने विचारलं, "त्येच्यावर राग हाय अजून?"

"तुम्हाला सांगितलं त्याने?"

"चिट्ठी लिवली. फोनवर त्येला बोलता न्हाय येत असलं." टोपली पुढे ओढली. "तो खोटा न्हाय पोरी. खोटं केलान. दोन वेगळं हाय की न्हाय, मला न्हाय म्हाईत. मी आई हाय."

आम्ही दोघींनी माल आत घेतला.

१३ डिसेंबर, शनिवार

दुपारी अडीचला फोन वाजला. दुबईजवळच्या फुजैरा बंदरात रेनॉल्डचं जहाज थांबलं होतं. मी ओट्यावर एकटी होते, मावशी बाजारात. इतक्या महिन्यांनी आवाज.

"कुठं हायस?"

"तुमच्या ओट्यावर."

मग म्हणाला, "मासा कसा हाय?"

"मासा राहू दे. का केलंस ते सांग. चिठ्ठी नको, तोंडाने सांग."

त्याने सांगितलं ते जमेल तसं त्याच्याच शब्दांत लिहिते, नाहीतर मी ते माझ्या भाषेत नीटनेटकं करून टाकीन.

"पैल्या दिवशी तुजे बाबा जागे झाले. मला बोलले, तू कोन. मी बोललो, रेनॉल्ड, पंचशीलाबरोबर वजनं करतो. तर बोलले, मग आज हितं काय करतोस, वजनं कोन करतंय? बोलले, मी तीस वर्सं पानी सोडलं, एक दिवस येळ चुकवली न्हाय, माज्यापायी शीलूचं काम थांबलं तर मला चालनार न्हाय. लई तगमग करायला लागले. नळी ओढायला लागले हातातली. मग मी बोललो, वजनं झाली काका, करूनच आलो. तर बोलले, किती भरले?"

"मग?"

"मग मी सांगितले. जे तोंडात आले ते. ते शांत झाले. दुसऱ्या दिवशी डोळा उघडला की पैला प्रश्न तोच. आज किती? कालचे त्यांच्या ध्यानात असायचे. काल दोनशे एकतीस, आज दोनशे एकोनतीस, बरोबर चाललंय, म्हनायचे. पेटी जितते काय, विचारायचे. मी बोलायचो, जितते. लई खूश व्हायचे. पाच दिवस."

मी उठून ओट्याच्या टोकाला गेले, तिथे आवाज नीट येत होता.

"ते गेल्यावर मी वहीत तेच लिवले. त्यांना सांगितलेले. म्हंटलं, निदान वहीशी तरी जुळू दे. येडेपना हाय. मला म्हाईत हाय तुजं काय नुकसान झालं ते. पन त्या टायमाला मला तो म्हातारा दिसत होता, तुजा अभ्यास न्हाय दिसत होता."

"मला उठवायचं होतंस," मी म्हणाले. "बाहेरच होते मी. बाकावर. ते बोलत होते आणि मी झोपले होते."

"तेच बोलले, झोपू दे तिला."

तिकडे कुणी तरी त्याला हाक मारत होतं.

"शेवटच्या दिवशी अजून बोलले," तो म्हणाला. "शुक्रवारी. ते फोनवर न्हाय सांगनार. माज्या बदलीचा रिलीव्हर येत न्हाय म्हनून मला अजून महिना थांबवलाय. जानेवारीत येतो."

"ये," मी म्हणाले. मला अजून खूप म्हणायचं होतं. एवढंच आलं.

१४ डिसेंबर

रजिस्टरची लाल रेघ मारलेली पानं उघडून बसले. विश्लेषणासाठी नाही. सोमवार, २३१, २२७. मंगळवार, २२९. बाबांनी हा आकडा ऐकला असेल, मग डोळे मिटले असतील. बाकीचे आकडे कुठले सांगितलेले आणि कुठले पान भरायला लिहिलेले, ते मला कळणार नाही.

माझा राग गेला असं नाही. ते काम वाया गेलं ते गेलंच. पण मी त्याच्या जागी असते तर बाबांना काय म्हणाले असते, याचं उत्तर मला कालपासून देता येत नाहीये.

सकाळची वजनं वेळेवर घेतली. सहा घरं, सात ते आठ पन्नास.

६ जानेवारी २०२६

दोन्ही फेऱ्या एकत्र, घर धरून. जाळं मागे पडलं, हे नक्की. मांडव आणि पेटी यांच्यात फरक दाखवता येत नाही. घरांमधला फरक मात्र पद्धतींमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. ठिपके तपासले, या वेळी दोन्ही फेऱ्यांचे ढग सारखे पसरलेले.

मॅडमना सांगताना मी पेटीचं शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी अकरा वर्षांची पेटी बांबूच्या बरोबरीची."

"मावशी झाकण किलकिलं करतात तेव्हा त्यांच्या घरी ती पुढे जाते मॅडम."

"झाकण?" त्यांनी वही ओढली. "कधी? दुपारी किती वाजता?"

तासभर प्रश्न विचारत होत्या. पुढच्या रविवारी स्वतः उत्तनला येणार आहेत.

२५ जानेवारी, रविवार

त्याचं विमान परवा सकाळी उतरतं. कोलंबोहून. आधी चौदाची तारीख होती, मग वीस, आता सत्तावीस. दर वेळी तारीख पुढे गेली की मी कामाला लागते, म्हणून प्रबंधाची तीन प्रकरणं पूर्ण झालीत.

सकाळी खिडकीत उभी होते तर आई म्हणाली, "कोण येतोय?"

"कोण म्हणजे?"

"महिनाभर फोन उशाशी घेऊन बसतेस. मला काय दिसत नाही का?"

मी सांगितलं. नुसतं नाव नाही, सगळंच. वजनं, सह्या, नोकरी, फुजैराचा फोन. तो उत्तनचा, ख्रिश्चन, हेही. बाबा त्याला रोज काय विचारायचे तिथे आल्यावर तिने पाणी दिलं आणि म्हणाली, पुढे सांग. सांगून झाल्यावर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला वाटलं आता जातीधर्माचं निघेल, लोकांचं निघेल, परभणीच्या काकांचं निघेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

ती म्हणाली, "मी नऊला यायचे तेव्हा ते झोपलेले असायचे. पाचही दिवस. मला वाटायचं, ते बोलायचेच बंद झाले."

मी तिच्याजवळ बसले.

"एवढं बोलायचे होय," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "एवढं बोलायचे."

खाली भाजीवाला ओरडत होता. कुणीतरी त्याला वरून टोपली सोडली.

"शुक्रवारी काय बोलले ते त्याने तुला सांगितलं?"

"नाही. आल्यावर सांगणार आहे."

आई उठली, गुडघ्यावर हात टेकत. "मग त्याला घरी बोलाव. तुला एकटीला बाहेर कुठेतरी सांगून जाईल, तसं नको. इथं येऊन सांगू दे, माझ्यासमोर. पहिल्या दिवसापासून सगळं. मी सकाळीच स्वयंपाक उरकून बसते." दारापर्यंत गेली आणि थांबली. "त्याला म्हणावं, सावकाश सांग. मला काही घाई नाही."